तिसऱ्या सिंगलची मागची बाजू

आमच्या घरात ओव्हन ही भांडी ठेवायची जागा आहे. ओहायोतल्या या डब्लिनमध्ये मी ज्या ज्या मराठी घरी जेवले, त्या त्या घरी ती तशीच आहे. वरच्या जाळीवर कढया, खालच्या जाळीवर परात, कोपऱ्यात इडलीपात्र. आपली मुलं मोठी होऊन कुठेही गेली, अगदी केकबिक करायला लागली, तरी ओव्हन लावायच्या आधी दार उघडून आत बघतात. माझी मुलगी अजून बघते. फ्रीमाँटला तिच्या स्वतःच्या घरातल्या ओव्हनमध्ये काहीच नसतं, तरी बघते. हे सगळं माहीत असून मी त्या ओव्हनमध्ये जे ठेवलं आणि पुढे जे झालं, त्याबद्दल चिडायला दुसरं कुणी सापडत नाही, म्हणून मी सगळ्यांवर चिडते.

आधी बँडबद्दल सांगायला हवं. वेल्समधला चौघांचा बँड. इंडी पॉप म्हणतात त्या जातीचा, म्हणजे फार तयारी न करता आलेली गिटारं आणि सर्दी झाल्यासारखी गाणारी एक मुलगी. तीन अल्बम काढले, नऊ सिंगल्स काढली आणि संपले. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी कुणाला कळत नाही, आणि समोरच्याचा तो कोरा चेहरा बघून मला पुन्हा त्रास होतो. तीस वर्षं मी हा त्रास सहन केला आहे. आता पुरे.

मी नागपूरहून कोलंबसला स्टॅटिस्टिक्स शिकायला आले, त्या पहिल्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटीच्या रेडिओवर त्यांचं एक गाणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बर्फातून चालत रेकॉर्डच्या दुकानात गेले आणि विचारलं, वेल्सवाल्यांची गाणी आहेत का? दुकानदाराने शोधून शोधून मला व्हेल माशांच्या आवाजाची कॅसेट आणून दिली. इंग्रजीत दोन्हीचा उच्चार एकच, त्याचा काही दोष नाही, पण तेव्हापासून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला नवऱ्याने मोठ्या प्रेमाने घरातल्या त्या बोलणाऱ्या डबीला वेल्सची गाणी लावायला सांगितलं. पाऊण तास आमच्या दिवाणखान्यात कुणीतरी समुद्राच्या तळाशी कण्हत होतं. नवरा पुण्याचा, त्यामुळे त्याला मत असतंच. तो म्हणाला, "तुझ्या त्या बँडपेक्षा हे बरं आहे यार. निदान ताल तरी आहे."

त्यांचा पहिला अल्बम कुणाच्या तरी गोठ्यात केल्यासारखा वाजतो. चौथं गाणं संपताना लांबवर कुत्रं भुंकतं, तेही त्यांनी तसंच ठेवलंय. दुसऱ्यात थोडे पैसे आले असावेत, कारण व्हायोलिनं आली. तिसऱ्यात कंपनीने त्यांना न्हाऊमाखू घालून, भांग पाडून उभं केलं, आणि तिथे त्यांचं तेज गेलं. तिसरा मला आवडत नाही. पण तोही आहे माझ्याकडे, नावडता माणूस म्हणून काही आपण त्याला घरच्या फोटोतून कापून काढत नाही.

खरा जीव होता तो सिंगल्समध्ये. सिंगल म्हणजे बशीपेक्षा जरा मोठी रेकॉर्ड, पुढे एक गाणं, मागे एक. यांचा नेम असा की पुढचं गाणं इंग्रजीत, रेडिओवर लागावं म्हणून, आणि मागचं वेल्श भाषेत. मागचं गाणं अल्बममध्ये कधी घ्यायचं नाही. पुढची बाजू पोटासाठी, मागची स्वतःसाठी. दिवसभर डिपार्टमेंटमध्ये शब्द जुळवून जुळवून इंग्रजी बोलायचं आणि खोलीवर येऊन भाजी परतताना नागपुरी मराठीत स्वतःलाच शिव्या घालायच्या, असं माझं चाललेलं होतं. मला त्यांचा हा नेम लगेच पटला. मागच्या बाजूचं अक्षरही कळत नव्हतं, तरी मी जास्त तीच लावायचे.

रेकॉर्ड प्लेअर चर्चच्या सेलमधून आणलेला होता, खोक्यावर 'चालतो' एवढंच लिहिलेला. चालायचा. आतला रबरी पट्टा सैल झालेला असल्यामुळे जरा पाय ओढत चालायचा, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं वेल्समध्ये लोक असंच निवांत गातात.

पुढे लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली. ही मुलगी झोपेची वैरीण होती. माझी आई नागपूरहून येऊन अडीच महिने राहिली, तिच्या अंगाईने झोपली नाही, माझ्या शुभंकरोतीने झोपली नाही, नवऱ्याच्या नाट्यगीताने तर रडायचीच. एका दुपारी वैतागून मी तिसऱ्या सिंगलची मागची बाजू लावली आणि तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायला लागले. धृपदात ती गाणारी मुलगी सारखं म्हणायची, देरे मा, ला ला, देरे मा, ला ला. मला ऐकू यायचं, दे रे मला, दे रे मला. मग मीही तेच म्हणायला लागले. बाकीच्या ओळींना जे सुचेल ते शब्द, अर्धे मराठी, अर्धे नुसतेच आवाज. पोरगी झोपली. पुढची चार वर्षं दुसऱ्या कशानेही झोपली नाही.

याचा परिणाम असा झाला की ते गाणं मराठी आहे असं तिला वाटायचं. आमच्या घरात नियम होता, घरात मराठीच बोलायचं, आणि सगळ्या मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरात तो नियम फक्त आईबाप पाळायचे. ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पण 'दे रे मला' मात्र ती छाती पुढे काढून, आपल्या मराठीचा पुरावा म्हणून म्हणायची. सहा वर्षांची असताना मंडळाच्या गणेशोत्सवात छोट्यांच्या कार्यक्रमात तिने नाव दिलं आणि स्टेजवर जाऊन, परकर सावरत, तिसऱ्या सिंगलची मागची बाजू पूर्ण म्हणून दाखवली. हॉलमध्ये दीडदोनशे मराठी माणसं होती. एकालाही कळलं नाही. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मागे वळून मला विचारलं, "कोकणी का गं? गोड आहे." मी हो म्हणाले. काय सांगणार होते?

नंतर दिवस बरे आले तशी मी बिघडले. नवऱ्याने दहाव्या ॲनिव्हर्सरीला उत्तम रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिला. त्यावर अल्बम लावल्यावर ते मला जरा घाईत वाटले, मग सवय झाली. सिंगल्स मी प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातली, पाकिटं एका बुटाच्या खोक्यात, खोकं बेसमेंटमधल्या कपाटात. लावायची नाहीत, घासतील. विशेषतः तिसरं, त्याचा आधीच भुगा झाला होता. मुलगी हात लावायला आली की मी अंगावर जायचे. मराठी बायका परदेशात साड्यांचं जे करतात ते मी रेकॉर्ड्सचं केलं, म्हणजे जीव लावला आणि वापर बंद केला.

मग ती मोठी झाली, शिकली, फ्रीमाँटला गेली. लग्न झालं. आणि या जानेवारीत तिचा फोन आला की बाळ येणार आहे, मे महिन्यात. मी आनंदाने काय काय बोलले ते आठवत नाही, पण डिंक, आळीव आणि विमानाचं तिकीट हे तीन शब्द त्यात नक्की होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आई, लिसन. फर्स्ट सिक्स वीक्स आम्ही दोघंच मॅनेज करणार आहोत. आम्ही एक डूला हायर केली आहे."

डूला म्हणजे बाळंतपणाच्या वेळी मदतीला येणारी बाई. पैसे देऊन आणलेली. मी म्हटलं, "आणि मी?"

"तू नंतर ये ना. सिक्स वीक्सनंतर." आणि लगेच, "पण मला ते गाणं पाठव हं. दे रे मला. मी ॲपवर शोधलं, नाहीये कुठे."

म्हणजे बाळंतपणाला आई नको, गाणं हवं. मला लागलं. खूप लागलं. माझी आई अडीच महिने येऊन राहिली होती, गुडघे दुखत असताना दोन विमानं बदलून. तिला कुणी सहा आठवड्यांनी ये म्हटलं नव्हतं. पण त्या लागण्यातच मी ठरवलं, ठीक आहे, गाणं तर गाणं. असं पाठवते की बघत राहशील.

आणि इथे माझी अक्कल शेण खायला गेली. फोन रेकॉर्डसमोर धरून पाच मिनिटांत पाठवून देता आलं असतं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी तसं सुचवलंही. मी म्हटलं, "फोनवर? शी! डबड्यात बसून गायल्यासारखं येईल." मला ते नीट करायचं होतं. ॲपवर काय अवस्था आहे ते मी बघितलंच होतं. दुसऱ्या अल्बममधली गाणी उलटसुलट क्रमाने, तिसऱ्या अल्बमवर भलत्याच कुठल्यातरी बँडचा फोटो, आणि 'सर्व दुर्मिळ गाणी' अशी फुशारकी मारणाऱ्या यादीत आठ सिंगल्सच्या मागच्या बाजू. आठ! तिसऱ्याची मागची बाजू नाही. मी त्या ॲपवाल्यांना तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

तेव्हा मी रेकॉर्डवरून कॉम्प्युटरवर आवाज घ्यायचं यंत्र मागवलं. त्याची वायर आमच्या कॉम्प्युटरला बसेना. दुसरी वायर मागवली, ती बसली तर घरघर यायला लागली. घरघर घालवायचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याने घरघरीबरोबर गाणारीलाही घालवलं. प्रयोग मी तिसऱ्या अल्बमवर करत होते, कारण तिसऱ्या सिंगलवर सुई एकदाच ठेवायची, सगळं अगदी व्यवस्थित झाल्यावर, असं मी ठरवलं होतं. फेब्रुवारी गेला. मुलगी दोनदा आठवण करून देत म्हणाली, "आई, साँग?" मी दोनदा म्हटलं, "होतंय."

मार्चमध्ये सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आमच्याकडे ठेवलं. हे मात्र ती आनंदाने कबूल झाली, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं. ती आणि जावई शुक्रवारी आले. शनिवारी दुपारी चाळीस माणसं. सकाळी मी ओव्हनमधल्या कढया स्वयंपाकाला बाहेर काढल्या आणि नवऱ्याला बजावून सांगितलं, "कढया काढल्यात, ओव्हन रिकामा आहे. केटररचे ट्रे आले की गरम करायला लाव." पंचवीस वर्षांत त्याने ओव्हन लावला नव्हता. कुठलं बटण दाबायचं तेही दाखवलं.

अकरा वाजल्यापासून माणसं यायला लागली. मुलांना बेसमेंटमध्ये सोडलं. थोड्या वेळाने मी खाली डोकावले तर एक पाच वर्षांची चिमुरडी माझं सातवं सिंगल स्टीअरिंगसारखं धरून कोचावर बसून गाडी चालवत होती. कपाट उघडं, खोकं बाहेर. मी मोजली, नऊच्या नऊ होती. खोकं छातीशी धरून वर आले. आता ठेवायचं कुठे? बेडरूमच्या पलंगावर चाळीस माणसांचे कोट. दुसऱ्या खोलीत एक तान्हं झोपलेलं. कपाटांतून मुलीच्या बॅगा. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं ये ना, ओटी भरायची खोळंबलीये!" मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर घरातली एकुलती एक रिकामी, दार लागणारी, मुलांचा हात न पोचणारी जागा होती.

दहा मिनिटांपुरतं, असं मी स्वतःला म्हटलं. हे मला नीट आठवतं.

ओटी भरली. काकू मंडळींनी गाणी म्हटली. मुलीच्या समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, उचल म्हणाले. ती हसत विचार करत होती तेवढ्यात वास आला. एक काकू म्हणाल्या, "ट्रेचं झाकण प्लॅस्टिकचं असेल हो." मी जागेवरून उठले, आणि उठता उठताच मला कळलं.

खोकं जळलं नव्हतं, नुसतं तपकिरी झालं होतं. आत नऊ रेकॉर्ड्स एकमेकींत वितळून धिरड्यांच्या चवडीसारख्या बसल्या होत्या. मी चिमट्याने सोडवायचा प्रयत्न केला. नवरा शेजारी ट्रे हातात घेऊन उभा होता. त्याने ओव्हन लावून ठेवला होता, आधी गरम व्हावा म्हणून, मी शिकवल्याप्रमाणे. मी त्याच्यावर ओरडले, "आत बघायचं तरी!"

"तूच म्हणालीस रिकामा आहे."

"म्हणून बघायचं नाही? माणूस बघतो!"

"अगं, पण रेकॉर्ड कोण ठेवतं ओव्हनमध्ये?"

यावर मी आणखी मोठ्याने ओरडले. मुलगी दारात आली, फुलांचा हार, फुलांचे बाजूबंद, एक हात पोटावर. तिने खोकं ओळखलं. "त्यात ते होतं?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "आई, मी जानेवारीत मागितलं होतं. यू कुड हॅव जस्ट हेल्ड अप युअर फोन."

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं, आणि मी ते ऐकून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "तुला काय कळणार त्यातलं? धड मराठी बोलता येत नाही आणि निघाली वेल्श गाणी मागायला. तुझी ती डूला म्हणेल की काहीतरी."

बाहेरच्या काकूंनाही ते ऐकू गेलं. मुलीने गळ्यातला हार नीट केला. मग हळू म्हणाली, "तुला तरी कुठे वेल्श येतं?" आणि बाहेर जाऊन बसली. दोन्ही वाट्या तशाच होत्या. तिने एक उचलली, झाकण काढलं, पेढा निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने तो खाल्ला नाही. रविवारी सकाळी एअरपोर्टवर तिने मला मिठी मारली, पण पाहुण्यांना मारतात तशी.

त्यानंतर फोन यायचे ते नवऱ्याच्या फोनवर. तो बोलून झालं की मला सांगायचा, वजन ठीक आहे, शुगर ठीक आहे. मी खाली बसून शोधत असायचे. सिंगल्सची बाकी आठ गाणी त्या बिनडोक यादीत होती, त्यांचं काही नाही. मला फक्त तिसरं हवं होतं. अमेरिकेत कुणाकडे नव्हतं. एकाने पाठवलं ते पहिलं निघालं. एकाकडे नुसतं कव्हर होतं, आत दुसऱ्याच कुणाची रेकॉर्ड. एकाने मला प्रामाणिकपणे व्हेल माशांची रेकॉर्ड देऊ केली. हसू नका, मी रडले होते.

शेवटी वेल्समधल्या एका गावातल्या म्हाताऱ्या दुकानदाराचा पत्ता लागला. गाण्याच्या नावाचा उच्चार मला तीस वर्षांत जमलेला नाही, लिहिताना तर अक्षरांची गर्दीच होते, म्हणून ऑर्डरबरोबर मी वेड्यासारखं लिहिलं की ज्याच्या मागच्या बाजूला ती सारखं देरे मा, देरे मा म्हणते, ते. त्याचं उत्तर आलं, आहे. मग ते पार्सल कस्टम्समध्ये बसलं. तिथून शिकागोला गेलं, कारण नसताना केंटकीला गेलं आणि तिथे नऊ दिवस राहिलं. मे महिना उजाडला. मी फोन केला की मशीन सांगायचं, तुमचं पार्सल मार्गावर आहे. माझी मुलगीही मार्गावरच होती, तेरा दिवस उरले होते.

आलं ते एका मंगळवारी सकाळी. मी दारातच पाकीट फाडलं. रेकॉर्ड माझ्यापेक्षा चांगल्या अवस्थेत होती. आत एक चिठ्ठी होती, ती मी तशीच टेबलावर टाकली, प्लेअर लावला आणि मुलीला फोन केला. स्पीकरवर. फोन रेकॉर्डसमोर धरून. घरघर, डबडं, काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

"मिळालं," मी म्हटलं. "ऐक." आणि सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. ते धावत होतं. ढोल टकटकत होते, गाणारी मुलगी उड्या मारत गात होती. लग्नाच्या वरातीत नाचावं असं गाणं. मी लेबल बघितलं, वेगाचं बटण बघितलं. सगळं बरोबर होतं.

"आई, हे नाही," मुलगी म्हणाली.

"हेच आहे."

"नो. हे खूप फास्ट आहे. आपलं स्लो होतं. झोपायचं होतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, वीस वर्षं उशिरा. आपलं गाणं चर्चच्या सेलमधल्या त्या सैल पट्ट्याचं होतं. तसं ते कुठे वाजलंच नव्हतं, वेल्समध्येही नाही. ते मी तिला सांगितलं. जुनं मशीन, पट्टा, वेग. तिला पटेना. तीन महिने मी जिवाचं रान केलं आणि हिला पटेना! मी चिडले. "अगं हेच आहे गं बाई, चाल बघ ना नीट," म्हणत मी प्लेअरचा आवाज बारीक केला आणि तिला दाखवायला म्हणून स्वतः म्हणायला लागले, हळू, आमच्या वेगात. माझा आवाज म्हणजे कुकरचा असतो तसा, अर्धी वाफ, अर्धी शिट्टी. दे रे मला, दे रे मला. मधल्या ओळींचे ते बनवलेले शब्द कुठून आले कोण जाणे, पण सगळे आले. दुसऱ्या धृपदापर्यंत म्हटलं आणि दम लागला म्हणून थांबले.

"आहेस ना?"

"दॅट्स इट," ती म्हणाली. "ते. म्युझिक नुसतं मागे असायचं, आई. तू म्हणायचीस. परत म्हण, मी रेकॉर्ड करते."

"फोनवर?" माझ्या तोंडातून निघून गेलं.

"आई!"

मी परत म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीत ताठ बसून. मध्ये एकदा खोकले, तेही तिने तसंच ठेवलंय. नऊ रेकॉर्ड्स मी वीस वर्षं प्लॅस्टिकमध्ये जपल्या, पोरीला हात लावू दिला नाही, आणि तिला हवं होतं ते गळ्यात घेऊन घरभर फिरत होते. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मग मी टेबलावरची चिठ्ठी उचलली. दुकानदाराने बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे गाणं मागणारं कुणीतरी निघालं याचा त्याला आनंद झाला, आणि त्यांच्याकडे 'देरे मा' म्हणजे 'ये इकडे'.

मी ते तिला वाचून दाखवलं. "म्हणजे 'दे' नाहीच गं त्यात," मी म्हटलं. "आपण आपलं मागतच बसलो."

ती हसली नाही.

"मग ये ना," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "आत्ता ये. सिक्स वीक्स राहू दे."

मी नवऱ्याला तिकीट काढायला हाक मारली आणि बॅग उतरवायला वर गेले. डिंकाचा डबा कुठे ठेवलाय ते शोधण्यात दुपार गेली. रेकॉर्ड तशीच फिरत होती, सुई तिच्यावरच होती, हे मला थेट संध्याकाळी आठवलं.